मूल गेल्यानंतरचे आईपण, बापपण

मूल दगावल्यावर आई-वडिलांच्या वाट्याला दुहेरी दुःख येते. मूल गेले, हे पहिले. त्या मुलाची आई किंवा बाप म्हणून जगणाऱ्या आपल्यातल्या माणसाचे आता काय करायचे, हे दुसरे. पहिल्या दुःखात नातेवाईक, शेजारी, सहकारी सगळे धावून येतात. दुसऱ्याबद्दल घरातसुद्धा फारसे बोलले जात नाही. ‘मी आता कोण?’ असे विचारणे अनेकांना स्वार्थीपणाचे वाटते. लेकरू गेले, तिथे आपल्या ओळखीचे काय घेऊन बसायचे, असे म्हणून हा प्रश्न गिळला जातो. पण शोकाची वाट बरीचशी याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. मुलाच्या मृत्यूने पालकपण संपत नाही. करण्यासारखी कामे तेवढी संपतात. ही गोष्ट अभ्यासकांच्या नीट ध्यानात यायला विसावे शतक सरत आले.

ओळख कशावर उभी असते

मराठी घरात पहिले मूल झाले की बाईची हाक बदलते. ती ‘अमक्याची आई’ होते, नवऱ्याचा उल्लेख ‘त्याचे बाबा’ असा होऊ लागतो. शाळेच्या फाटकाशी रोज भेटणाऱ्या बायकांना एकमेकींची नावे अनेकदा ठाऊकही नसतात. मोबाईलमध्ये नंबर ‘ओंकारची आई’, ‘सईची आई’ असेच साठवलेले असतात. दिवसाचे वेळापत्रक मुलाभोवती बसवलेले असते : सकाळचा डबा, रिक्षावाल्या काकांची वेळ, शिकवणी, लसीची तारीख, परीक्षेच्या दिवसांत बंद ठेवलेला टीव्ही. मोठे निर्णयही तसेच. घर कुठल्या शाळेजवळ घ्यायचे, बदली घ्यायची की टाळायची, जमीन विकायची की राखायची, या सगळ्यांत मुलाचे पुढचे आयुष्य गृहीत धरलेले असते.

मूल गेले की ही सगळी मांडणी एका दिवसात कोसळते. जाग पहाटेच येते, पण डबा करायचा नसतो. कणीक सवयीने जास्त मळली जाते. मग कागदपत्रे सुरू होतात. मृत्यूचा दाखला काढावा लागतो, शिधापत्रिकेवरून नाव कमी करावे लागते, बँकेतल्या ठेवीला आणि विम्याच्या पॉलिसीला लावलेले वारसाचे नाव बदलावे लागते. हा अर्ज साधा, एका पानाचा असतो. तरी वारसाच्या रकान्यात मुलाच्या जागी दुसरे नाव लिहिताना हात अडतो, कारण आपण कुणासाठी कमावत होतो याचे उत्तर तिथे स्वतःच्या अक्षरात बदलावे लागते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉनी जॅनॉफ-बुलमन यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात या कोसळण्याचे विवेचन केले आहे. त्यांच्या मते माणूस तीन गृहीतकांच्या आधाराने जगतो : जग एकंदरीत भले आहे, घडणाऱ्या गोष्टींना काही अर्थ आहे आणि आपण स्वतः बऱ्यापैकी लायक आहोत. मुलाच्या मृत्यूने तिन्हींना तडा जातो. आई-वडिलांनी आधी जायचे आणि मुलांनी मागे राहायचे हा क्रम मोडतो, त्यामुळे जगाच्या रीतीवरचा भरवसा उडतो. सर्वांत खोल घाव तिसऱ्या गृहीतकावर बसतो. मुलाला जपणे हे आई-बापाचे पहिले काम. त्यातच आपण कमी पडलो, ही भावना माणसाला स्वतःच्या नजरेतून उतरवते.

फ्रॉइडचा सिद्धांत आणि फ्रॉइडमधला बाप

शोकाचा पहिला प्रभावी मानसशास्त्रीय सिद्धांत सिग्मंड फ्रॉइड यांनी मांडला. १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी म्हटले, की शोक हे मनाचे एक काम आहे. गेलेल्या माणसात गुंतलेली मानसिक शक्ती हळूहळू सोडवून घ्यायची. ते काम पुरे झाले की मन पुन्हा मोकळे होते. पुढची अनेक वर्षे ‘विसरायला हवे’, ‘सोडून द्यायला हवे’ या सल्ल्याला शास्त्राचा आधार मिळाला तो इथून.

जानेवारी १९२० मध्ये फ्रॉइड यांची मुलगी सोफी इन्फ्लुएन्झाच्या साथीत गेली. १९२३ मध्ये तिचा लहानगा मुलगाही गेला. १९२९ मध्ये लुडविग बिन्सवांगर या स्विस मनोविकारतज्ज्ञ मित्राला पुत्रशोक झाला, तेव्हा फ्रॉइड यांनी सोफीच्या जन्मदिनाच्या सुमारास त्याला पत्र लिहिले. तीव्र दुःख ओसरते, पण गेलेल्याची जागा कशानेही पूर्ण भरत नाही. आणि तसेच असायला हवे, कारण जे प्रेम सोडायची आपली इच्छा नसते ते टिकवण्याचा तो एकच मार्ग आहे, असा त्या पत्राचा आशय होता. सिद्धांतकार फ्रॉइड नाते सोडवायला सांगत होता. बाप झालेल्या फ्रॉइडला ते नऊ वर्षांनंतरही सोडायचे नव्हते.

१९६९ मध्ये एलिझाबेथ क्यूबलर-रॉस यांनी नकार, संताप, घासाघीस, नैराश्य आणि स्वीकार अशा पाच अवस्था सांगितल्या. त्यांचे काम मुळात स्वतः मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांबरोबरचे होते. पुढे त्याच अवस्था मागे राहिलेल्यांनाही लावल्या गेल्या आणि शोक म्हणजे चढून संपवायचा जिना असा समज पसरला. मूल गमावलेल्या पालकांवर या समजाने अन्यायच केला. पाच वर्षांनंतर वाढदिवसाच्या दिवशी कोसळणारी आई या हिशेबात मागे पडलेली ठरते.

या चित्राला मोठे आव्हान १९९६ मध्ये मिळाले. डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन या अभ्यासकांनी शोकातल्या टिकणाऱ्या नात्यांवरचा ग्रंथ संपादित केला. क्लास यांनी अमेरिकेतल्या शोकग्रस्त पालकांच्या गटात अनेक वर्षे काम केले होते. त्यांना आढळले, की हे पालक मुलाशी नाते तोडत नाहीत, त्याचे रूप बदलतात. ते मुलाशी मनात बोलतात, त्याच्या वस्तू जपतात, निर्णय घेताना ‘त्याला काय वाटले असते’ याचा विचार करतात. आणि हे सारे करत ते नोकरी करतात, संसार चालवतात. म्हणजे नाते टिकणे हे आजाराचे लक्षण नव्हते.

‘पूर्वी मुले जातच असत’

बालमृत्यू सर्रास होते त्या काळी आई-बाप मुलांत एवढे गुंतत नसत, असे अनेकदा म्हटले जाते. महाराष्ट्राच्या इतिहासातला एक दाखला या समजाला थेट उत्तर देतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि रमाबाई यांची चार मुले लहानपणीच गेली : गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न. यशवंत तेवढे जगले. राजरत्न गेला तो जुलै १९२६ मध्ये. पुढच्याच महिन्यात बाबासाहेबांनी दत्तोबा पवार या स्नेह्याला पत्र लिहिले. आपण आणि रमाबाई या धक्क्यातून सावरलो आहोत असे दाखवण्यात अर्थ नाही आणि कधी सावरू असेही वाटत नाही, मुलांबरोबर आयुष्याची चव गेली, असे त्यात त्यांनी मोकळेपणाने लिहिले. चार मुले पुरलेल्या या बापाला चौथ्या मृत्यूची सवय झालेली नव्हती. त्याच्यासाठी प्रत्येक मूल एकमेव होते.

त्यानंतर काही महिन्यांतच, मार्च १९२७ मध्ये, महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. बाहेरून पाहणाऱ्याला हा माणूस सावरला असेच वाटले असेल. कामाला लागलेला माणूस शोकातून बाहेर पडला, असा अर्थ समाज लावतो. पत्र सांगते, की दोन्ही गोष्टी एकाच माणसात एकाच वेळी असू शकतात.

अपराधीपणाची रूपे

‘त्या दिवशी गाडी द्यायला नको होती’, ‘ताप आला तेव्हाच मोठ्या दवाखान्यात न्यायला हवे होते’, ‘रागावलो होतो त्याला’. शोकग्रस्त घरांत ही वाक्ये वर्षानुवर्षे घोळत राहतात. मार्गारेट माइल्स आणि अ‍ॅलिस डेमी या अमेरिकी परिचर्या-संशोधकांनी १९८० च्या दशकात पालकांच्या अपराधीपणाची रूपे वेगवेगळी करून दाखवली. मृत्यूला आपण कारण झालो असे वाटणे हे एक रूप. आई-बाप म्हणून एरवीही कमी पडलो, वेळ दिला नाही, असे वाटणे हे दुसरे. आपल्याच एखाद्या पापाची ही शिक्षा आहे असे वाटणे तिसरे. आपण मागे का राहिलो, हे चौथे. आणि आपला शोकच बरोबर नाही, आपण फार रडतो किंवा पुरेसे रडत नाही, हे पाचवे. काही महिन्यांनी एखाद्या विनोदावर हसू आले की लगेच जीभ चावली जाते, ते यातूनच.

या अपराधीपणाची मनाला एक प्रकारे गरजही असते. ‘मी अमुक केले असते तर तो वाचला असता’ हा विचार असह्य असतो, पण आपल्या हातात काहीच नव्हते हा विचार त्याहून भीतीदायक असतो. म्हणून ‘तुझी काही चूक नाही’ हे घाईघाईचे वाक्य पोचत नाही. शेवटच्या दिवसांची हकिगत पहिल्यापासून शेवटपर्यंत कुणी शांतपणे ऐकून घेतली, डॉक्टरांनी कागद समोर ठेवून आजार कसा वाढत गेला ते समजावले, तर पालक स्वतःच त्या हिशेबाचा फेरविचार करू लागतात.

मूल एक, शोक दोन

एकाच मुलाचे आई-बाप एकसारखा शोक करत नाहीत. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या नेदरलँड्समधल्या अभ्यासकांनी १९९९ मध्ये मांडलेल्या प्रारूपानुसार शोकातला माणूस दोन दिशांमध्ये ये-जा करत असतो. कधी तो दुःखाला सामोरा जातो : फोटो पाहतो, रडतो, आठवणी काढतो. कधी तो बदललेल्या आयुष्याची कामे करतो : हप्ते भरतो, गळका नळ दुरुस्त करतो, नव्या सवयी लावून घेतो. ही ये-जा निरोगी मानली जाते. अडचण अशी, की नवरा-बायको अनेकदा एकाच वेळी एकाच बाजूला नसतात. तिला बोलायचे असते तेव्हा तो बाहेर निघून जातो. त्याला रात्री भरून येते तेव्हा ती कशीबशी झोपलेली असते. मग तिला वाटते, याला काही वाटतच नाही. त्याला वाटते, ही कधीच बाहेर येणार नाही.

बापाची कोंडी वेगळी असते. ‘तू खचलास तर तिच्याकडे कोण बघणार?’ असे त्याला पहिल्याच दिवशी ऐकवले जाते. भेटायला आलेले लोकही त्याला बायकोची तब्येत विचारतात, त्याची नाही. घर सांभाळणारा ही ओळख त्याला घट्ट धरून ठेवावी लागते, तीही नेमकी अशा वेळी, जेव्हा मुलाला वाचवू न शकल्याने ती ओळख आतून खचलेली असते. त्याचा शोक अनेकदा कामातून व्यक्त होतो : मुलाची सायकल दुरुस्त करून ठेवणे, त्याच्या नावाने झाड लावणे, रुग्णालयाची फाईल पुन्हा पुन्हा चाळणे. तोही शोकच असतो.

मूल गेले की संसार मोडतात, असा समज जगभर आहे आणि त्याला भीतीदायक टक्केवाऱ्याही जोडल्या जातात. ‘द कंपॅशनेट फ्रेंड्स’ या शोकग्रस्त पालकांच्या संघटनेने २००६ मध्ये अमेरिकेत केलेल्या पाहणीत घटस्फोटाचे प्रमाण १६ टक्के आढळले. म्हणजे बहुतेक संसार टिकले होते. नात्यावर ताण येतो हे खरे, पण तो मोडण्याचा नियम नाही.

ज्यांना कुणी आई-बाप म्हणत नाही

मृत जन्मलेले बाळ, उशिराचा गर्भपात, जन्मानंतर काही तासांत गेलेले बाळ. या घरांत पाळणा आणलेला असतो, नाव ठरलेले असते, पण त्या बाळाला घरच्यांखेरीज कुणी पाहिलेले नसते. अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा शोकाला मान्यता नाकारलेला शोक म्हटले : समाज ज्याची दखल घेत नाही, ज्यासाठी रजा, विधी, सांत्वन यांची सोय नसते, असा. आपल्याकडे अनेक समाजांत दात येण्यापूर्वी गेलेल्या बाळाला अग्नी देत नाहीत, पुरतात. पुढचे विधीही थोडक्यात उरकले जातात. घरातली मोठी माणसे ‘विसर आता, पुढच्या वेळी होईल’ म्हणतात आणि बाळाचे कपडे आईला न विचारता हलवले जातात. तिचे दूध मात्र उतरलेले असते. शरीराने तिला आई केलेले असते आणि घर तिला आई म्हणत नसते.

कायद्याने याची काही प्रमाणात दखल घेतली आहे. मातृत्व लाभाच्या तरतुदींनुसार गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा मिळते. बाळ मृत जन्मल्यास किंवा जन्मानंतर लगेच दगावल्यास केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना ६० दिवसांची विशेष प्रसूती रजा देण्याचा निर्णय २०२२ मध्ये झाला. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२० पासून अठरा वर्षांखालील मूल गमावलेल्या नोकरदार आईला आणि वडिलांनाही दोन आठवड्यांची शोकरजा आहे.

मागे राहिलेली आणि नंतर आलेली मुले

घरात दुसरे मूल असेल तर पालकपण दुभंगते. एका मुलासाठी उठायचे, हसायचे, पालकसभेला जायचे. दुसऱ्यासाठी आत रडायचे. काही आई-वडील वाचलेल्या मुलाला नजरेआड होऊ देत नाहीत, तर काहींना त्याच्या जवळ जाण्याचीच भीती वाटते. मुलेही हे टिपतात. आई रडू नये म्हणून ती गेलेल्या भावंडाचे नाव घेणे बंद करतात आणि आई-वडिलांना वाटते, मुले विसरली.

नंतर जन्मलेल्या मुलावर आणखी एक भार पडू शकतो. अल्बर्ट केन आणि बार्बरा केन यांनी १९६४ मध्ये अशा मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला, ज्यांच्याकडे गेलेल्या भावंडाची जागा भरून काढणारे म्हणून पाहिले जात होते. चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग ३० मार्च १८५३ रोजी जन्मले. बरोबर एक वर्ष आधी, त्याच तारखेला, त्यांच्या आईला मृत बाळ झाले होते आणि त्याचेही नाव व्हिन्सेंटच होते. महाराष्ट्रात मुले जगत नसत त्या घरांत पुढच्या बाळाला धोंडू, दगडू, केरू अशी नावे ठेवण्याची रीत होती. नकोसे नाव ठेवले की मूल काळाच्या नजरेला पडणार नाही, ही त्यामागची भाबडी आशा. आपण मुलाला जपू शकतो, हा आई-बापाचा आत्मविश्वास किती ढासळलेला असे, हे अशा नावांतून दिसते.

शोक आणि आजार

या शोकाचा परिणाम शरीरावरही होतो. डेन्मार्कच्या राष्ट्रीय नोंदींवर आधारित एक मोठा अभ्यास २००३ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. मूल गमावलेल्या आयांमध्ये मृत्यूचे प्रमाण इतर आयांपेक्षा जास्त आढळले. बापांमध्ये वाढ दिसली ती मुख्यतः सुरुवातीच्या वर्षांत, अपघात आणि आत्महत्या यांसारख्या कारणांमुळे. म्हणून शोकग्रस्त पालकांच्या झोपेकडे, जेवणाकडे, व्यसनाकडे आणि ‘आता जगून काय करायचे’ या उद्गाराकडे घरच्यांनी गंभीरपणे पाहायला हवे.

शोक स्वतः आजार नाही. मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या आजार-वर्गीकरणात दीर्घकाळ लांबलेल्या शोकाची स्वतंत्र नोंद आहे. किमान सहा महिने, आणि त्या समाजाच्या रीतीत बसेल त्याहून जास्त काळ, तीव्र ओढ किंवा वेदना रोजचे जगणे अशक्य करत असेल तर ते निदान होऊ शकते. आपला एखादा भाग आपण गमावला आहे असे वाटणे, हे त्यात नोंदवलेल्या लक्षणांपैकी एक आहे.

पालकपणाची नवी कामे

बहुतेक पालक कालांतराने पालकपणाला नवे काम शोधतात. कुणी मुलाच्या शाळेत त्याच्या नावे बक्षीस ठेवते, कुणी रुग्णालयातल्या इतर पालकांना मदत करते, कुणी मुलाच्या मित्रांच्या अभ्यासाला हातभार लावते. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री येथे १९६८ मध्ये एकाच रुग्णालयात दोन घरांतली मुले गेली. सायमन स्टीफन्स या तरुण धर्मोपदेशकाच्या लक्षात आले, की हे आई-वडील एकमेकांना जो आधार देतात तो आपण देऊ शकत नाही. त्यातून १९६९ मध्ये ‘द कंपॅशनेट फ्रेंड्स’ ही संघटना उभी राहिली आणि पुढे अनेक देशांत पसरली.

दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाला १३ जून १९९७ रोजी आग लागली. ५९ जण गेले. नीलम आणि शेखर कृष्णमूर्ती यांची उन्नती आणि उज्ज्वल ही दोन्ही मुले त्यात होती. या दांपत्याने इतर पीडित कुटुंबांना एकत्र करून संघटना स्थापन केली आणि दोन दशकांहून अधिक काळ न्यायालयीन लढा दिला. सार्वजनिक जागांच्या सुरक्षेचा प्रश्न त्यांनी देशासमोर ठेवला. मुलांना जपणे हे आई-बापाचे काम त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांसाठी चालू ठेवले.

रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी आघातानंतर माणसात होऊ शकणाऱ्या वाढीचा अभ्यास केला आहे. अग्रक्रम बदलतात, इतरांच्या दुःखाची जाण वाढते, लोक काय म्हणतील याची पर्वा उरत नाही. पण ही वाढ दुःखाची भरपाई नव्हे आणि ती कुणाकडून अपेक्षूही नये. संस्था न काढता, लढा न देता, नुसते रोजचे जगणे पुन्हा उभे करणारे आई-बापही तेवढेच मोठे काम करत असतात.

‘मुले किती?’

या नव्या ओळखीची परीक्षा रोजच्या एका साध्या प्रश्नाने होते. लग्नात, रेल्वेच्या डब्यात, हळदीकुंकवाला कुणीतरी विचारते, मुले किती? ‘दोन’ म्हटले तर पुढचा प्रश्न येतो, काय करतात? ‘एक’ म्हटले तर गेलेल्या लेकराला नाकारल्यासारखे होते. भारताच्या जनगणनेत विवाहित स्त्रियांना आजवर झालेली मुले आणि हयात मुले असे दोन वेगळे प्रश्न विचारले जातात. समाजात मात्र एकाच प्रश्नात दोन्ही उत्तरे कोंबावी लागतात. काही पालक माणूस पाहून उत्तर ठरवतात. अनोळखी प्रवाशाला एक आकडा, जवळच्याला दुसरा. दोन्ही उत्तरे खरीच असतात आणि कुठले द्यायचे हा अधिकार त्यांचाच असतो.

जवळच्या माणसांना करण्यासारखे बरेच आहे. ‘देवाला आवडतो तोच आधी जातो’, ‘दुसरे होईल’, ‘दुसरे आहे ना, त्याच्याकडे बघ’ ही वाक्ये टाळावीत. मुलाच्या खोलीचे, कपड्यांचे, दप्तराचे काय करायचे हे आई-बापांनाच ठरवू द्यावे आणि त्याला मुदत घालू नये. कार्यालयांतल्या कागदपत्रांसाठी सोबत जावे. मुलाचा वाढदिवस आणि गेल्याची तारीख लक्षात ठेवून फोन करावा, पहिल्या वर्षी आणि दहाव्या वर्षीही. जगणे नकोसे झाल्याची भाषा ऐकू आली तर केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र उपलब्ध आहे. आणि भेटीत मुलाचे नाव घ्यावे. नाव घेतल्याने दुःखाची आठवण होईल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. आई-वडील ते विसरलेलेच नसतात.